घरगुती ऑपरेटिंग सिस्टीम आणि सर्व्हरचा मदरबोर्ड : एका सीमारेषेचा इतिहास (१९९३–२०२५)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाचा किंवा ती घडविणाऱ्या कंपन्यांच्या उदयास्ताचा इतिहास लिहितो. विकत घेतलेल्या यंत्राचा वापर कशासाठी करावयाचा हे कोण ठरवितो, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न एका मर्यादित आणि वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या विषयाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. तो विषय म्हणजे सर्व्हरसाठी तयार केलेल्या मदरबोर्डवर घरगुती वा वैयक्तिक वापराची ऑपरेटिंग सिस्टीम बसविणे.

सर्व्हरचा मदरबोर्ड आणि घरातील संगणकाचा मदरबोर्ड यांची मूळ रचना एकच असली तरी त्यांचे प्रयोजन भिन्न असते. सर्व्हरच्या बोर्डावर बहुधा दोन वा अधिक प्रोसेसरांची सोय असते. मेमरीतील चुका ओळखून दुरुस्त करणारी ई.सी.सी. पद्धतीची मेमरी त्यावर बसते. हार्ड डिस्क जोडण्यासाठी स्कझी किंवा रेड प्रकारचे नियंत्रक असतात आणि दूर अंतरावरून यंत्रावर देखरेख करणारी स्वतंत्र चिपही असते. याउलट ध्वनीची सोय बहुधा नसते आणि चित्रदर्शनाची सोय कामापुरतीच असते. अशा बोर्डावर घरगुती प्रणाली कधी सुखाने नांदते, कधी अर्धेच यंत्र वापरते, तर कधी बसण्यासच नकार देते. या नकारामागील कारणे तीन प्रकारची आढळतात : यंत्राच्या घडणीतून आलेली, ड्रायव्हरांच्या अभावातून आलेली आणि परवान्याच्या कलमांतून आलेली. ही तिन्ही कारणे वापरणाऱ्याला मात्र सारखीच दिसतात. यंत्र चालत नाही, एवढेच त्याला कळते. गेल्या तीन दशकांत यांपैकी पहिले कारण क्षीण होत गेले, दुसऱ्याने आपली जागा बदलली आणि तिसरे टिकून राहिले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. विवेचन मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या विंडोज कुळापुरते मर्यादित ठेवले असून तुलनेसाठी लिनक्सचा विचार केला आहे.

१. एकच गाभा, दोन नावे

या सीमारेषेचा आरंभ शोधताना विंडोज एनटीपर्यंत जावे लागते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत व्हीएमएस ही प्रणाली घडविणाऱ्यांपैकी एक प्रमुख अभियंता डेव्हिड कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली एक संपूर्ण नवी प्रणाली लिहिली गेली आणि जुलै १९९३ मध्ये ती विंडोज एनटी ३.१ या नावाने बाजारात आली. ती इंटेलच्या प्रोसेसरांप्रमाणेच मिप्स व अल्फा या प्रोसेसरांवरही चालावी, तसेच एकाहून अधिक प्रोसेसरांचा उपयोग तिला करता यावा, अशी तिची आखणी होती. यासाठी मदरबोर्डागणिक बदलणारे तपशील ‘हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन लेयर’ नावाच्या एका पातळ थरात कोंडले होते. बोर्ड बदलला तर हा थर बदलावयाचा, वरची प्रणाली तशीच ठेवावयाची, हे त्यामागचे तत्त्व. म्हणजे बोर्डाच्या प्रकाराने प्रणाली अडू नये, हा विचार तिच्या घडणीतच होता.

तरीही ती पहिल्या दिवसापासून दोन आवृत्त्यांत विकली गेली. एक साधी आवृत्ती आणि दुसरी ‘ॲडव्हान्स्ड सर्व्हर’. पहिलीत दोन प्रोसेसरांची मुभा होती, दुसरीत चारांची. १९९४ च्या ३.५ आवृत्तीपासून त्यांना ‘वर्कस्टेशन’ आणि ‘सर्व्हर’ ही नावे मिळाली. या दोहोंतील अंतर नेमके किती, हा प्रश्न १९९६ मध्ये जाहीर वादाचा विषय झाला.

त्या वर्षी एनटी ४.० ची चाचणी आवृत्ती प्रसृत झाली. तिच्या वर्कस्टेशन प्रकारात दहा मिनिटांच्या अवधीत दहाहून अधिक वेगवेगळ्या पत्त्यांवरून जोडणी स्वीकारली जाणार नाही, अशी तांत्रिक मर्यादा घातलेली होती. इंटरनेट नुकतेच सर्वसामान्यांपर्यंत पोहोचत होते आणि साध्या वर्कस्टेशनवर वेब सर्व्हर चालविणारे अनेक जण होते. अशांसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या ओरायली या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने या मर्यादेला जाहीर विरोध केला. अंतिम आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने ही तांत्रिक मर्यादा काढून टाकली. परंतु दहा जोडण्यांची अट परवान्याच्या मजकुरात कायम ठेवली. यंत्रातून काढलेली भिंत कागदावर उभी राहिली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा आहे.

सप्टेंबर १९९६ मध्ये ओरायलीतील अँड्र्यू शुलमन यांनी दोन्ही आवृत्त्यांची तपासणी करून काढलेला निष्कर्ष याहूनही बोलका होता. दोन्हींचा गाभा, म्हणजेच कर्नल, एकच होता. ‘रजिस्ट्री’ या नोंदवहीतील उत्पादनाचा प्रकार सांगणारी नोंद वाचून तोच गाभा कधी वर्कस्टेशनसारखा तर कधी सर्व्हरसारखा वागत असे. किती प्रोसेसर वापरावयाचे ही संख्यादेखील रजिस्ट्रीतच नोंदलेली होती. या नोंदीत कोणी हात घालू नये यासाठी गाभ्यातच पहाऱ्याची व्यवस्था केलेली होती. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी ही व्यवस्थाही उलगडून दाखविली.

येथे न्याय्य विचार करावयाचा तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या एका नोंदीमुळे केवळ नाव बदलत नव्हते. वर्कस्टेशन प्रकारात प्रत्येक कामाला प्रोसेसरचा वेळ घड्याळाच्या दोन ठोक्यांच्या छोट्या हप्त्यांत मिळे आणि समोरच्या खिडकीतील कामाला झुकते माप दिले जाई. सर्व्हर प्रकारात हाच हप्ता बारा ठोक्यांचा असे, म्हणजे पाठीमागे चालणारी कामे वारंवार खंडित होत नसत. हा फरक खरा होता आणि उपयुक्तही होता. शिवाय सर्व्हर आवृत्तीसोबत काही जादा सॉफ्टवेअरही मिळे. तथापि एकच बिया दोन वाफ्यांत पेरून त्यांना दोन जातींची नावे द्यावीत, तसे हे होते. वेगळेपण मशागतीचे होते, बियाण्याचे नव्हे.

२. एकाच प्रोसेसरची सवय

विंडोज ९५, ९८ आणि मिलेनियम या घरगुती प्रणालींची गोष्ट मात्र निराळी होती. त्यांची मुळे डॉसमध्ये होती आणि एकाहून अधिक प्रोसेसर वापरण्याची क्षमता त्यांच्या घडणीतच नव्हती. दोन प्रोसेसरांच्या बोर्डावर विंडोज ९८ बसविली तर ती बसे, चाले; परंतु दुसरा प्रोसेसर निष्क्रिय राही. येथे परवान्याचा प्रश्न नव्हता. अडसर खरोखर प्रणालीच्या रचनेचा होता.

मेमरीच्या बाबतीतही हेच घडे. १९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या ४४०जीएक्स चिपसेटचे सर्व्हर व वर्कस्टेशन बोर्ड दोन गिगाबाइटपर्यंत मेमरी स्वीकारत. विंडोज ९८ ला मात्र ५१२ मेगाबाइटच्या पुढे अडचणी येऊ लागत. डिस्कवरील माहिती तात्पुरती साठविणारा ‘व्हीकॅश’ हा तिचा घटक मेमरीच्या प्रमाणात फुगत जाई आणि प्रणालीच्या स्वतःच्या वापरासाठी राखलेली पत्त्यांची जागा व्यापून टाकी. परिणामी भरपूर मेमरी असलेल्या यंत्रावर ‘पुरेशी मेमरी नाही’ असा विपरीत संदेश उमटे. ‘सिस्टम.आयएनआय’ या फाइलीत एक ओळ लिहून या घटकाला आवर घालता येई. एक गिगाबाइटच्या पुढे मात्र तोही उपाय पुरेसा नसे.

घरगुती आणि सर्व्हर या दोन जगांतील अंतर हौशी लोकांना किती खुपत होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९९ मध्ये आलेला ॲबिट कंपनीचा बीपी६ हा मदरबोर्ड. इंटेलने आपला स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर एकट्याने चालण्यासाठीच बाजारात आणला होता. जोडीने चालविण्यासाठी पेंटियम आणि त्याहून महाग झिऑन होते. मात्र त्या काळातील सेलेरॉनच्या अंतरंगात जोडीने चालण्याची क्षमता शिल्लक होती. कार्ट्रिजच्या रूपातील सेलेरॉनवर एका पिनेची जोडणी बदलून काही हौशी तंत्रज्ञांनी ती आधी जागीही केली होती. बीपी६ ने प्रोसेसरला हात न लावता दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसविण्याची सोय केली. सर्व्हरची रचना प्रथमच विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील किमतीत आली.

परंतु यंत्र आले तरी प्रणाली कोणती बसवावयाची, हा पेच होताच. विंडोज ९८ वर खेळ चालत, पण दुसरा प्रोसेसर झोपून राही. एनटी ४.० वर दोन्ही प्रोसेसर कामाला लागत, पण यूएसबीची अंगभूत सोय नसे आणि खेळांसाठी लागणारी डायरेक्टएक्स प्रणाली जुन्या आवृत्तीवरच थांबलेली असे. त्यामुळे एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही प्रणाली बसविण्याची प्रथा पडली. दिवसा एक, रात्री दुसरी. लिनक्स आणि बीओएस या प्रणालीही अशा बोर्डांवर आवडीने बसविल्या जात, कारण दोन्ही प्रोसेसर त्या बिनतक्रार वापरीत. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० प्रोफेशनलने हा पेच बऱ्याच अंशी सोडविला. मात्र पुढच्या पिढीतील सेलेरॉनमध्ये जोडीने चालण्याची वाट इंटेलने बंद केली. जे यंत्रात चुकून वा सोयीसाठी शिल्लक राहिले होते, ते बाजाराच्या हिशेबासाठी काढून घेतले गेले.

३. ड्रायव्हरची अडचण

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि घरगुती विंडोजचे डॉसशी असलेले नाते संपले. आता घरातील आणि सर्व्हरमधील विंडोज एकाच एनटी कुळातील झाली. रचनेतील अडसर दूर झाल्यावर दुसरा अडसर ठळकपणे पुढे आला. तो ड्रायव्हरचा.

सर्व्हर बोर्डावरील डिस्क बहुधा स्कझी वा रेड नियंत्रकाला जोडलेली असे. एक्सपीच्या सीडीवर त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नसेल तर स्थापनेच्या वेळी प्रणालीला डिस्कच दिसत नसे. यावर उपाय एकच होता : स्थापना सुरू होताच निळ्या पडद्यावर क्षणभर दिसणारी सूचना पाहून एफ६ ही कळ दाबावयाची आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालावयाची. ती संधी हुकली की सर्व प्रक्रिया पुन्हा आरंभापासून. फ्लॉपी ड्राइव्ह यंत्रांतून नाहीसे होऊ लागले तसा हा उपायही दुर्मिळ झाला. मग मूळ सीडीतील फाइलींमध्येच ड्रायव्हर मिसळून नवी सीडी तयार करण्याची युक्ती रूढ झाली आणि त्यासाठी ‘एनलाइट’सारखी साधनेही निर्माण झाली. व्हिस्टापासून यूएसबी साधनातून ड्रायव्हर देता येऊ लागला.

डिस्कनंतर पाळी येई ती चित्राची आणि ध्वनीची. त्या काळातील असंख्य सर्व्हर बोर्डांवर एटीआयची रेज एक्सएल ही साधी चित्र-चिप असे. सर्व्हर-कक्षात पडद्याकडे क्वचितच कोणी पाहतो, त्यामुळे ती तेथे पुरेशी होती. घरी मात्र वेगळे चित्र-कार्ड बसवावे लागे, आणि त्यासाठीची एजीपी खाच अनेक सर्व्हर बोर्डांवर नसेच.

ही अडचण परवान्याची नव्हती. तशी ती निव्वळ यंत्राचीही नव्हती. कोणता ड्रायव्हर कोणत्या प्रणालीसाठी लिहावयाचा आणि तपासावयाचा, हा उत्पादकाचा व्यापारी निर्णय असतो. याचे उलटे उदाहरणही उद्बोधक आहे. पुढील काळात घरगुती बोर्डांवरील इंटेलच्या काही नेटवर्क चिपांचा ड्रायव्हर सर्व्हर विंडोजवर बसण्यास नकार देई. चिप तीच, ड्रायव्हरचा मुख्य भाग तोच. केवळ सोबतच्या माहिती-फाइलीत सर्व्हर प्रणालीचे नाव नसे. ती फाइल सुधारली की ड्रायव्हर चालू लागे. म्हणजे सीमा दोन्ही बाजूंनी राखली जात होती.

४. चार गिगाबाइटची भिंत

या इतिहासातील सर्वाधिक गुंतागुंतीचे प्रकरण मेमरीच्या मर्यादेचे आहे. ३२ बिटांच्या पत्त्याने चार गिगाबाइटपर्यंतच मेमरी मोजता येते, हे गणित सर्वपरिचित आहे. परंतु १९९५ मधील पेंटियम प्रो प्रोसेसरपासून इंटेलने प्रत्यक्ष मेमरीचा पत्ता ३६ बिटांचा करण्याची सोय दिली होती. तिला ‘पीएई’ म्हणतात आणि तिच्यामुळे ६४ गिगाबाइटपर्यंत मजल जाते. ३२ बिटी विंडोज २००० ॲडव्हान्स्ड सर्व्हर या सोयीने आठ गिगाबाइट मेमरी वापरीत असे.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्यातील सुरक्षाव्यवस्थेसाठी पीएईची पद्धत आवश्यक होती, म्हणून योग्य प्रोसेसर असलेल्या घरगुती यंत्रांवरही ती चालू झाली. आता चार गिगाबाइटच्या पुढील मेमरी वापरण्याचे साधन घरोघरी पोहोचले होते. परंतु ती वापरण्याची परवानगी नव्हती. उलट विविध उपकरणांसाठी राखलेल्या पत्त्यांमुळे चारांपैकी तीन-साडेतीन गिगाबाइटच हाती लागत. सर्व्हर बोर्डावर आठ गिगाबाइट मेमरी बसवून त्यावर एक्सपी टाकणाऱ्याला निम्म्याहून अधिक मेमरी वाया गेलेली दिसे.

हे केवळ अधिक पैसे घेण्यासाठी केले गेले काय? रुसिनोविच, जे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये दाखल झाले होते, त्यांनी २००८ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. चार गिगाबाइटच्या पुढील पत्ते दिसताच घरगुती यंत्रांवरील चित्र आणि ध्वनी उपकरणांचे अनेक ड्रायव्हर कोसळत, कारण असे पत्ते येऊ शकतात हा विचारच ते लिहिताना झालेला नव्हता. सर्व्हरचे ड्रायव्हर मात्र त्या कसोटीवर तपासलेले असत. हे कारण खरे मानावे लागते. परंतु त्याचबरोबर व्हिस्टाच्या ३२ बिटी गाभ्यात ही मर्यादा परवान्याच्या मूल्यांतून वाचली जाते, हेही स्वतंत्र अभ्यासकांनी दाखवून दिले. ज्याच्या यंत्रावर सर्व्हर-दर्जाचे, नीट तपासलेले ड्रायव्हर होते, त्यालाही ती मर्यादा पाळावी लागे. एक खरे तांत्रिक कारण परवान्याच्या रूपाने सर्वांवर सरसकट लागू झाले, आणि कारण कोठे संपते व अट कोठे सुरू होते हे सांगणे कठीण झाले.

या भिंतीला वळसा ६४ बिटांनी दिला. एएमडीचा ऑप्टेरॉन हा सर्व्हर प्रोसेसर एप्रिल २००३ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये घरासाठीचा ॲथलॉन ६४. एप्रिल २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची ६४ बिटी आवृत्ती काढली. नाव एक्सपीचे असले तरी तिचा पाया विंडोज सर्व्हर २००३ चा होता. तिचा आवृत्ती-क्रमांकही एक्सपीचा ५.१ नसून सर्व्हरचा ५.२ होता. ती १२८ गिगाबाइटपर्यंत मेमरी स्वीकारी. सर्व्हर बोर्डावर घरगुती प्रणाली बसविण्याऐवजी येथे सर्व्हरची प्रणालीच घरगुती नाव धारण करून आली. पुढे फेब्रुवारी २००८ मध्ये व्हिस्टाचा पहिला सर्व्हिस पॅक आणि विंडोज सर्व्हर २००८ एकाच दिवशी पूर्ण झाले आणि दोहोंचा गाभा एकच होता. १९९६ मध्ये जे शोधून काढावे लागले होते, ते आता उघड धोरण झाले.

५. मोजायचे काय?

गाभा एकच झाल्यावर आवृत्त्यांतील भेद मोजणीवर उभा राहिला. मोजणी कशाची, हा मात्र प्रश्नच होता. २००२ मध्ये झिऑन प्रोसेसरांत हायपर-थ्रेडिंग आले आणि एक प्रोसेसर प्रणालीला दोन असल्याचे भासू लागले. विंडोज २००० ला हा भेद ठाऊक नव्हता. दोन झिऑन बसविलेल्या बोर्डावर तिला चार प्रोसेसर दिसत आणि प्रोफेशनल आवृत्ती त्यांतील दोनच मोजून थांबे. एक्सपी प्रोफेशनल प्रत्यक्ष प्रोसेसर मोजी, त्यामुळे ती चारही वापरी. ऑक्टोबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की परवाना प्रोसेसरमागे असेल, त्यातील गाभ्यांमागे नव्हे. घरगुती ग्राहकांसाठी हा निर्णय हिताचा ठरला.

मात्र काळाच्या ओघात या मोजणीतून एक विसंगती निर्माण झाली. विंडोज १० होम एकाच सॉकेटला मान्यता देते, प्रो दोन सॉकेटांना; २०१७ मध्ये ‘प्रो फॉर वर्कस्टेशन्स’ या आवृत्तीने ही मर्यादा चारांवर नेली. त्याच वर्षी एएमडीचा सोळा कोअरांचा थ्रेडरिपर १९५०एक्स बाजारात आला. एक सॉकेट असल्यामुळे होम आवृत्ती त्याचे सोळाही कोअर वापरी. त्याच वेळी दहा वर्षांपूर्वीचा, प्रत्येकी चार कोअरांचे दोन झिऑन असलेला सर्व्हर बोर्ड घेतला तर होम आवृत्ती त्यांपैकी चारच कोअर वापरीत असे. नव्या, महाग आणि कितीतरी अधिक सामर्थ्यवान यंत्राला मुभा. जुन्या आणि दुबळ्या यंत्राला अटकाव. मोजमाप जेव्हा ठरले तेव्हा दोन सॉकेट हे श्रीमंतीचे लक्षण होते. पुढे ते भंगार बाजारातील यंत्राचेही लक्षण झाले. मोजमाप मात्र तेच राहिले.

६. दुसरी वाट

ही सीमा अपरिहार्य होती काय, याचे उत्तर लिनक्सच्या इतिहासात मिळते. ज्या १९९६ मध्ये एनटीच्या दोन आवृत्त्यांवरून वाद पेटला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये लिनक्सची २.० ही आवृत्ती आली आणि तिने अनेक प्रोसेसरांचा वापर सुरू केला. परवान्याने कोणतीही मोजणी केली नाही. जानेवारी २००१ मधील २.४ आवृत्तीत पीएईच्या साहाय्याने ६४ गिगाबाइटपर्यंत मेमरी वापरण्याची सोय सर्वांसाठी खुली झाली. सर्व्हर आणि डेस्कटॉप हा भेद तेथेही होता. उबुंटूमध्ये काही काळ सर्व्हरसाठी वेगळ्या मांडणीचा गाभा दिला जाई. परंतु तो भेद सोयीचा होता, हवा असल्यास कोणालाही कोणताही घेता येई. एप्रिल २०१२ मधील १२.०४ आवृत्तीत हे दोन गाभे एकत्र करण्यात आले.

याचा महाराष्ट्राशी असलेला एक धागा नोंदविण्याजोगा आहे. पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहाच्या संस्थेने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये सुमारे ११८ टेराफ्लॉप्स क्षमतेसह जागतिक क्रमवारीत चौथा आला. तो झिऑन प्रोसेसरांच्या सर्व्हरांचा समूह होता आणि त्यावर लिनक्स होती. त्याच काळात एखादा विद्यार्थी आपल्या घरच्या संगणकावर जी लिनक्स बसवीत असे, तिचा गाभा याच घराण्यातील होता.

अर्थात लिनक्सची वाटही निष्कंटक नव्हती. ड्रायव्हरांचा अभाव तेथेही होता. घरगुती चित्र, ध्वनी आणि बिनतारी नेटवर्कच्या उपकरणांबाबत तर तो अधिकच जाणवे. गंमत अशी की सर्व्हर बोर्डावरील नियंत्रकांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये बहुधा आधीच असत. तिच्या दृष्टीने सर्व्हरचा बोर्ड हेच ओळखीचे घर होते.

७. निवृत्त सर्व्हरांचा प्रश्न

२०१० नंतर या विषयाला वेगळे सामाजिक परिमाण प्राप्त झाले. मोठी माहिती-केंद्रे आपले सर्व्हर ठरावीक काळाने बदलतात आणि सुस्थितीतील यंत्रे एकगठ्ठा बाहेर पडतात. मार्च २०१२ मध्ये आलेल्या आठ कोअरांच्या झिऑन ई५-२६७० ची मूळ किंमत १,५५२ डॉलर होती. २०१६ च्या सुमारास तोच प्रोसेसर जुन्या बाजारात सत्तर डॉलरांच्या आसपास मिळू लागला. अशा दोन प्रोसेसरांचा सर्व्हर बोर्ड घेऊन त्यावर विंडोज बसविणे, हा अल्प खर्चात समर्थ संगणक उभारण्याचा मार्ग झाला. चित्रफीत संपादन, त्रिमितीय आरेखन, प्रोग्रॅमिंग यांसाठी तो पुरेसा होता.

त्यातील अडचणी आता किरकोळ स्वरूपाच्या होत्या. यंत्र सुरू होण्यास काही मिनिटे लागत. निद्रावस्थेत जाण्याची सोय बहुधा नसे. ध्वनीसाठी यूएसबीचे उपकरण लावावे लागे. आणि घरी बसविलेला शांत पंखा सावकाश फिरतो म्हणून देखरेखीची चिप तो बिघडला असे समजून सर्व पंखे पूर्ण वेगाने फिरवीत असे. या साऱ्यांवर उपाय होते.

उपाय राहिला नाही तो प्रणालीच्या अटींवर. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मान्य प्रोसेसरांची यादी यांची अट घातली. २०१२ चा तो ई५ त्या यादीत नाही. सुरक्षेचे कारण येथेही खोटे नाही. नव्या प्रोसेसरांतील काही संरक्षक सोयी जुन्यांत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या सर्वसाधारण आवृत्त्यांचा नियमित आधार संपला. मर्यादित मुदतीची विस्तारित सेवा सोडली तर या यंत्रांपुढे आता दोनच वाटा आहेत : प्रणाली बदलणे किंवा भंगारात जाणे.

आपल्याकडील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. भारतात ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची दखल त्यांत घेतलेली आहे. परंतु एखादे यंत्र कचरा केव्हा होते, हे केवळ त्याच्या झिजेवरून ठरत नाही. त्यावर कोणती प्रणाली बसू दिली जाते, यावरही ते ठरते. देणगीत मिळालेला जुना सर्व्हर प्रयोगशाळेत दहा विद्यार्थ्यांच्या कामी येईल की अडगळीच्या खोलीत पडून राहील, याचा निर्णय कित्येकदा परवान्यातील एका कलमापाशी होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घरगुती प्रणाली आणि सर्व्हर यांतील सीमा आरंभी अंशतः खरी होती. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर वापरता येत नव्हता, ही रचनेची मर्यादा होती. २००१ नंतर ती संपली.

२) ड्रायव्हरची अडचण यंत्र आणि बाजार यांच्या मध्यभागी राहिली. चार गिगाबाइटच्या प्रकरणात तिने परवान्याच्या मर्यादेला समर्थनही पुरविले.

३) परवान्याची सीमा सर्वांत टिकाऊ ठरली. १९९६ मधील दहा जोडण्यांपासून विंडोज १० मधील सॉकेटांच्या मोजणीपर्यंत तिचे स्वरूप बदलले, तत्त्व बदलले नाही. या भेदामुळे घरगुती आवृत्ती स्वस्त राहू शकते, हा कंपन्यांचा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. पण मग ती किंमत आहे, क्षमता नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले जावे.

४) लिनक्सच्या उदाहरणावरून दिसते की एकच गाभा घरात आणि सर्व्हरमध्ये कृत्रिम भिंतीवाचून नांदू शकतो.

सर्व्हरच्या बोर्डावर घरगुती प्रणाली बसवून पाहणारे हौशी तंत्रज्ञ इतिहासकार नव्हते. काटकसर, कुतूहल किंवा केवळ हट्ट यांपोटी त्यांनी हे प्रयोग केले. तथापि कोणती भिंत दगडाची आहे आणि कोणती कागदाची, हे त्यांच्या प्रयोगांतूनच उघड झाले. यंत्र अडले म्हणजे ते असमर्थ आहे असे गृहीत न धरता, ते का अडले हे विचारण्याची सवय त्यांनी लावली. संगणकाच्या अध्यापनात ही सवय कोणत्याही एका प्रणालीच्या ज्ञानाहून अधिक काळ उपयोगी पडेल.